आधी अवजारे, मग मोटार

सुटे भाग विकत घेऊन घरीच मोटार जोडण्याची प्रथा इंग्लंडमध्ये जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही छोटी मोटार सुट्या भागांच्या रूपातही विक्रीस आणली. तयार मोटारीवरचा खरेदीकर त्यामुळे वाचत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

अशा कामाला लागणारा नवखा मनुष्य प्रथम अवजारांचे दुकान गाठतो, आणि घेतलेल्यांपैकी कित्येक पुढे धूळ खात पडतात. पान्यांचा व सॉकेटचा एक उत्तम संच, ड्रिल, रिव्हेट गन आणि टॉर्क रेंच एवढे स्वतःचे असावे. इंजिन उचलण्याची क्रेन दिवसापुरती भाड्याने आणावी.

दोन ठिकाणी मात्र काटकसर नको. नट ठरावीक जोरानेच आवळावा लागतो. सैल राहिल्यास चाक निखळू शकते, अति आवळल्यास आटे जातात. म्हणून टॉर्क रेंच चांगलाच घ्यावा. दुसरे म्हणजे भक्कम स्टँड. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावल्यावरही घरातील कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.