'ओळखलं नाही का मला?'

हा प्रश्न वाटतो तेवढा निरागस नसतो, बॉस! रांगेतल्या वीस-पंचवीस जणांना मागे टाकायचा तो पासवर्ड असतो.

या पासवर्डचा सगळ्यात गाजलेला वापर मार्च २०१७मध्ये झाला, पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात. उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांच्याकडे बिझनेस क्लासचं कूपन होतं आणि एअर इंडियाच्या त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. सगळं इकॉनॉमी. आता नसलेली सीट द्यायची कुठून? दिल्लीत पोचल्यावर त्यांनी एका अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि वर कॅमेऱ्यासमोर सांगितलं, पंचवीस वेळा मारलं म्हणून! खरी गंमत पुढे आहे. विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट देणंच बंद केलं आणि साहेबांना रेल्वे पकडावी लागली. एप्रिलमध्ये बंदी उठली. पण सप्टेंबरमध्ये डीजीसीएने 'नो फ्लाय'चे नियम आणले. शिवीगाळ केलीत तर तीन महिन्यांपर्यंत घरी बसा, हात उगारलात तर सहा, जिवावर बेतेल असं काही केलंत तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.

गाडीवरचा लाल दिवाही त्याच वर्षी १ मेपासून गेला. ऑफिसातला दिवा कोण काढणार?

आपल्याकडे तो 'सिनिअर' या शब्दात पेटतो. प्रेझेंटेशन रात्री जागून तुम्ही करायचं, पहिल्या स्लाइडवर नाव त्यांचं. माझ्या पहिल्या नोकरीत (कुठे ते राहू द्या) लक्ष्मीपूजनाची ड्युटी लागोपाठ दोन वर्षं माझ्याच गळ्यात. विचारलं तर उत्तर तयार, 'आम्हीही केलंय ना!' म्हणजे सासूने सोसलं म्हणून सुनेनेही सोसायचं. अनुभवाला मान द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण अनुभव आहे म्हणून दरवर्षी दिवाळी तुमचीच, हे कुठल्या पॉलिसीत लिहिलंय? एचआरला विचारून बघा एकदा, चेहरा बघण्यासारखा होतो.

हिंजवडीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या टीमने यावर साधा उपाय काढला. सुट्ट्यांसाठी सरळ चिठ्ठ्या टाकल्या, मॅनेजरसकट सगळ्यांच्या. लक्ष्मीपूजनाची शिफ्ट नेमकी मॅनेजरच्याच वाट्याला आली. त्याने ती चिठ्ठी तीनदा उलटसुलट करून पाहिली म्हणे.