बोटीवरची नोकरी : फॉरेन की कोस्टल?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना वसतिगृहात सोडावयास पालक येतात. अंथरूण-पांघरूण, औषधे, गणिताचे गुण असे सारे बोलणे झाले की अलीकडे आणखी एक प्रश्न हमखास निघतो. ‘सर, मोठा मुलगा बोटीवर जातो म्हणतो. एजंट फॉरेनचे बोलतो, चुलता म्हणतो कोस्टल धर. काय करावे?’ माजी विद्यार्थीही दूरध्वनीवर हेच विचारतात. दारातल्या बोलण्यात याचे उत्तर पुरे होत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे मांडीत आहोत.

हा भेद जुना आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ‘होम ट्रेड’ आणि ‘फॉरेन गोइंग’ असे जहाजांचे दोन वर्ग केले. भारतीय बंदरांत आणि श्रीलंका, ब्रह्मदेश यांसारख्या जवळच्या देशांत फिरणारे, तीन हजार टनांपर्यंतचे जहाज पहिल्या वर्गात, बाकीचे दुसऱ्या. आज कोस्टल म्हटले की किनाऱ्याने कोळसा, सिमेंट, तेल वाहणारी जहाजे आणि मुंबई हायच्या तेलविहिरींना माणसे व सामान पोहोचविणाऱ्या बोटी डोळ्यांसमोर येतात.

रत्नागिरीला बोटीचे नवल नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या मोठ्या आगबोटींवर डेकचे काम करणारे खलाशी फार मोठ्या संख्येने याच किनाऱ्यावरचे असत. युरोपीय खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पैशांत ते लंडनपर्यंत जात. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ व टिपणे घेऊन निघालेली बोट टॉर्पेडोने बुडाली, हे आपण चरित्रात वाचतो. त्या काळच्या अशा बोटींवर आपल्या जिल्ह्यातील गरीब माणसेही असत, हे मात्र चरित्र वाचताना सहसा मनात येत नाही. पण ही भरती सारंगाच्या हाती होती. सारंग आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक नेई. ज्या वाडीतून आधी कोणी गेलेले नाही, तिच्यासाठी दार बंद. आपली माणसे पलटणीत गेली, गिरणीत गेली, मुंबईच्या गोदीत ओझी वाहिली; बोटीच्या शिडीवर मात्र क्वचितच चढली. आज दहावीनंतर सहा महिन्यांचा जी. पी. रेटिंगचा अभ्यासक्रम करून, परीक्षा देऊन, सीडीसी म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक मिळविता येते. बौद्धवाडीतल्या मुलाला ही वाट खुली झाली ती परीक्षेमुळे. म्हणूनच घरात सल्ला देणारा अनुभवी माणूस नाही, आणि म्हणूनच तो शिक्षकाकडे येतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांची समजूत अशी की फॉरेन म्हणजे कष्टाचे आणि कोस्टल म्हणजे सोपे, कारण ते जवळ. ही समजूत तपासून पाहावी. ब्राझीलहून लोहखनिज घेऊन चीनकडे निघालेले जहाज महिनाभराहून अधिक काळ पाण्यावरच असते. त्या काळात कामाच्या पाळ्या ठरलेल्या असतात: बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. चार तास काम, आठ तास मोकळे; शरीर त्या लयीला सरावते. किनाऱ्यावरच्या जहाजाला दोन-तीन दिवसांनी बंदर लागते. बंदर आले की दोर टाकणे, दोर सोडणे, माल उतरविणे, तपासणीस सामोरे जाणे. आणि जहाज पहाटे दोनला धक्क्याला लागले तर सर्वांनी दोनलाच उठणे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावयास हवी. वहीत ती मिळालेली दिसते. ती मोडली जाते ती बहुधा बंदरांच्या गर्दीत. थकवा अंतराने येतो त्याहून बंदरांनी अधिक येतो, असे परतलेली मुलेच सांगतात.

वैमानिकांपुढेही हाच पेच असतो. दिल्लीहून न्यूयॉर्कला जाणारे विमान चौदा-पंधरा तास उडते. उतरणे एकदाच, सोबत पाळीसाठी जादा वैमानिक, पण तेथे पोहोचेपर्यंत दिवसाची रात्र झालेली असते आणि झोपेचा मेळ बसत नाही. देशांतर्गत मार्गावरचा वैमानिक दिवसात तीन-चार वेळा विमान उतरवितो आणि पुष्कळदा रात्री घरी जेवतो. जवळच्या मार्गाने घर मिळते, पण दगदग वाढते. फरक एवढाच की वैमानिकाला जे रात्रीचे जेवण मिळते, ते कोस्टलच्या खलाशाला मिळत नाही. करार त्याचाही काही महिन्यांचाच असतो. जयगडला कोळसा उतरविताना समोर आपल्या तालुक्याचे डोंगर दिसतात, घरी जाता मात्र येत नाही, असे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले होते. कोस्टलचा खरा लाभ निराळा आहे: घरी दुखणे-मरण झाले तर उतरून रेल्वेने येता येते. व्हिसा नको, विमानाचे तिकीट नको. २०२० साली टाळेबंदीत जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते, तेव्हा या लाभाची किंमत अनेक घरांना कळली.

पैशाचा हिशेबही नीट करावा. फॉरेनचा पगार डॉलरमध्ये असतो, पण बहुधा बोटीवर असलेल्या महिन्यांपुरताच. समजा, महिना ६०,००० रुपये आणि करार आठ महिन्यांचा, म्हणजे ४,८०,००० रुपये. चार महिने घरी राहून पुन्हा बोट मिळाली, तर महिन्याला ४०,००० पडले. पुढची बोट मिळावयास आठ महिने लागले, तर ३०,००० च. नवख्या खलाशाची बोट लांबते, हे विसरू नये. एजंट आणखी एक आमिष दाखवितो: फॉरेनला आयकर नाही. आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर अनिवासी म्हणून सवलत मिळते, हे खरे. पण खलाशाच्या सुरुवातीच्या पगारावर येथेही फारसा कर लागत नाही, हे तो सांगत नाही. उलट भारतीय जहाजांवरील खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आहे. परदेशी मालकाच्या करारात तशी तरतूद आहे की नाही, ते आधी पाहावे लागते.

किनारा जवळ म्हणून जीव सुरक्षित, हेही खरे नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही तराफा-बोट बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी सत्तरांच्या आसपास माणसे परतली नाहीत. दूरच्या समुद्रात धोका दुसऱ्या प्रकारचाही असतो. मालक दिवाळखोर झाला की तो जहाज आणि माणसे परक्या बंदरात तशीच सोडून देतो. पगार बंद, अन्न संपत आलेले. २०२४ च्या नोंदींत अशा सोडून दिलेल्या खलाशांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

आमचे मत विचाराल तर असे. मुलाला पुढे परीक्षा देऊन अधिकारी व्हावयाचे असेल, तर तरुणपणीच फॉरेनची वाट धरावी. किनाऱ्यापुरत्या, म्हणजे एनसीव्ही प्रमाणपत्रावर मोठ्या समुद्रात अधिकारी म्हणून जाता येत नाही, आणि संसार लागल्यावर पुन्हा परीक्षेला बसणारे थोडे. घरी आजारी आई-वडील असतील, एकटा मिळवता असेल, तर कोस्टल किंवा ऑफशोर बरे. त्यात कमीपणा काही नाही. पण कर्ज काढून फॉरेन, हे मुळीच नको. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी श्रम कराराचेही हेच सांगणे आहे. परतीच्या प्रवासाचा खर्च मालकाने सोसावयाचा, हेही त्यातच आहे. तरी चार-पाच लाख मागणारी माणसे आपल्या वाड्यांतून फिरतात, आणि त्यासाठी दागिने मोडलेले व कलमांची बाग गहाण पडलेली आम्ही पाहिली आहे. अशा एका मुलाला जी बोट मिळाली ती धड फॉरेन नव्हती, धड कोस्टल नव्हती. आखातातल्या एका बंदरात सात महिने नांगरून पडलेली होती.

पैसे मागणाऱ्याला एकच विचारावे: आरपीएसएल परवान्याचा क्रमांक काय? मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची यादी आहे. नाव तेथे नसेल तर बोलणे तेथेच थांबवावे. असेल तर करारपत्र मागावे. त्यात जहाजाचे नाव, मालकाचे नाव, महिन्यांची संख्या आणि पगाराचा आकडा छापलेला हवा, तोंडी नव्हे. करार इंग्रजीत असतो. घरी वाचणारे कोणी नसेल तर सही करण्यापूर्वी तो घेऊन शाळेत यावे. रविवारी दुपारी तीननंतर आम्ही वसतिगृहाच्या कार्यालयात असतो.