बे-लीफ : एका शेतघराचे वाचन

कागदपत्रांप्रमाणेच जुनी वास्तूही वाचता येते. इंग्लंडच्या केंट परगण्यातील ‘बे-लीफ’ हे शेतघर याचे उत्तम उदाहरण होय. १५व्या शतकाच्या प्रारंभी उभारलेल्या या घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असून भिंती मातीने लिंपलेल्या कुडाच्या आहेत. मध्यभागी छपरापर्यंत मोकळे दालन आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, अशी त्याची रचना आहे.

दालनाच्या जमिनीवरच विस्तव पेटे. धुराडे नव्हते, धूर छपरातून आणि बिनकाचेच्या खिडक्यांतून बाहेर पडे. त्यामुळे दालनावर मजला घालणे शक्य नव्हते. मालक, कुटुंबीय व नोकर एकाच विस्तवाभोवती जमत. पुढे अशा घरांत विटांची धुराडी आली, दालनावर मजला चढला आणि कुटुंबाला स्वतंत्र खोल्या मिळाल्या. बांधकामाबरोबर सहजीवनाची रीतही बदलली, हे येथे लक्षात घ्यावे.

१९६०च्या दशकात नव्या जलाशयामुळे या घराचे अस्तित्व धोक्यात आले. तेव्हा त्याचा सांगाडा सुटा करून वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील खुल्या संग्रहालयात तो पुन्हा उभारण्यात आला. मात्र १६व्या शतकातील रूपात. नंतरच्या पिढ्यांनी केलेले बदल तेथे दिसत नाहीत. जतन करणे म्हणजे निवड करणेही असते. म्हणून जतन केलेली कोणतीही वास्तू पाहताना काय राखले, याबरोबरच काय वगळले, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.