ब्रेक ऑइल बदलताय? क्लचही त्याच टाकीवर आहे!

पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीतल्या मॅन्युअल करेरामध्ये ब्रेक आणि हायड्रॉलिक क्लच, दोघांनाही ऑइल एकाच टाकीतून मिळतं. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली आणि क्लच तसाच सोडला, तर जुनं ऑइल त्या लाइनमध्ये तसंच राहतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर कॅलिपर तापले की असं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणूनच कंपनी दर २ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

चाकांचा क्रम असा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. या गाडीत प्रत्येक कॅलिपरला हवा काढायचे दोन निपल असतात; दोन्ही उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल काढायचं. मग गिअरबॉक्सवरच्या क्लच स्लेव्ह सिलिंडरची पाळी. तिथे हवा राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकत पडतात.

टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सांडलेलं ऑइल रंग खातं; लगेच भरपूर पाण्याने धुवा.