ग्रंथिक सन्निपात : संशय व निश्चय

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवीमध्यें डॉ. अकॅशियो व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला. त्याचा जंतु हाँगकाँगांत १८९४ सालींच यर्सिन ह्यांस सांपडला होता. तथापि सूक्ष्मदर्शकानें परीक्षा कोणी व कोठें करावी, ह्याविषयीं १८९७ च्या मूळ साथरोग कायद्यांत अवाक्षर नाहीं. आगगाडीच्या उतारूंस तपासून, तपासनिसास संशय येतांच त्यांस वेगळें ठेवण्याचा अधिकार मात्र त्यांत स्पष्ट आहे. संशय व निश्चय ह्यांतील भेद नैयायिकांनीं केवढा घोळला. कायदेकारांनीं तो एका शब्दांत ओलांडला! पुण्यांत काखा-जांघांतील गांठी चाचपण्यावरच भर राहिला, लोक क्षुब्ध झाले, आणि २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. मार्च २०२० मध्यें कोरोनासाठीं हाच कायदा महाराष्ट्रांत लागू झाला. परंतु त्यापूर्वींच, ३० जानेवारीस, केरळांतील देशाच्या पहिल्या रुग्णाचें निदान पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत झालें होतें.