पुराचे चित्रण आणि साडेपाच तासांचा हिशेब

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील आपत्तींची लिखित नोंद सरकारी कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत मिळते. चित्रांतली नोंद मात्र घराघरांत विखुरलेली आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडीवते आणि रोहन येथे दरडी कोसळल्या. त्या दिवसांचे जे चित्रण माझ्या हाती आले, ते लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांच्या छोट्या डीव्ही टेपांवर होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड आली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. हे सारे चित्रण मोबाईलमध्ये आहे. माहितीपटासाठी ते एकत्र आणताना मी जी पद्धत वापरतो, ती इथे मांडतो. आपल्या गावाचे चित्रण जपू पाहणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडेल.

या चित्रणात सर्वांत मोलाची गोष्ट आहे वेळ. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. वर घाटमाथ्यावर पाऊस किती आणि खाली खाडीत भरती की ओहोटी, यावर महाडचे पाणी चढते किंवा उतरते. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. बाजारपेठेत पाणी शिरतानाची क्लिप किती वाजताची हे नक्की असेल, तर ती पावसाच्या आकड्यांशेजारी आणि भरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवता येते. तेव्हा ती पुरावा होते, आणि पुढच्या पुरात हाती किती वेळ असेल याचा अंदाज त्यातून बांधता येतो. वेळ हरवली की उरते ते फक्त भीतीदायक दृश्य.

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाईली माऊसने ओढून टाकल्या, तर त्या बहुधा नावाच्या किंवा कॉपी केल्याच्या तारखेच्या क्रमाने लागतात. कोणती क्लिप कुठून आली, तिचे काय केले, याची नोंद मागे राहत नाही. कमांड लाइनवर आपण आज्ञा लिहून देतो, दुकानातल्या गुमास्त्याला चिठ्ठी द्यावी तशी: या फोल्डरमधल्या प्रत्येक फाईलसाठी एवढे एवढे कर. फाईली दहा असोत वा हजार, चिठ्ठी तीच. काम झाल्यावर ती आपल्यापाशी उरते आणि कोणालाही तपासता येते.

पहिली पायरी मूळ फाईल मिळवण्याची. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि चित्रणाची मूळ वेळ त्यातून निघून जाते. फाईलच्या नावात तारीख दिसते, पण ती त्या फोनवर फाईल साठवल्याची असते. म्हणून मी केबलने किंवा मेमरी कार्डावरून फाईल घेतो. ते शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो. तशी फाईल जशीच्या तशी येते. मग एका आज्ञेने प्रत्येक फाईलचा ‘चेकसम’ काढतो. ही ६४ अक्षर-अंकांची ओळ म्हणजे फाईलचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. दोन घरांतून आलेल्या फाईलींचा ठसा एकच निघाला, तर ती एकच फाईल आहे हे कळते.

दुसरी पायरी वेळ वाचण्याची. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या मोफत प्रकल्पात एफएफप्रोब नावाचे साधन आहे. ते फाईलच्या पोटातली नोंद वाचून दाखवते. इथेच साडेपाच तासांचा हिशेब येतो. बहुतेक मोबाईल ही नोंद भारतीय वेळेत न करता जागतिक प्रमाणवेळेत करतात. २२ जुलैच्या पहाटे पावणेदोनला घेतलेल्या क्लिपमध्ये २१ जुलैची रात्री सव्वाआठची वेळ दिसते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातली प्रत्येक क्लिप अशी आदल्या दिवशी जाऊन बसते. पडताळा सोपा आहे. अनेक अँड्रॉइड फोन फाईलच्या नावात स्थानिक वेळ घालतात. नाव आणि आतली नोंद यांत बरोबर साडेपाच तासांचा फरक आला, तर दोन्ही खरे. आयफोन स्थानिक वेळ वेगळ्या नोंदीत ठेवतो.

टेपांचे गणित वेगळे. एका तासाच्या डीव्ही टेपची सुमारे १३ जीबीची फाईल होते आणि उतरवायला पूर्ण तासच लागतो. लिनक्सवरचे डीव्हीग्रॅब हे साधन प्रत्येक शॉटची वेगळी फाईल करते आणि टेपवर नोंदलेली तारीख-वेळ तिच्या नावात घालते. ती वेळ कॅमेऱ्यात हाताने लावलेल्या घड्याळाची असते. तिथे साडेपाच तास मिळवायचे नाहीत. चित्रात भिंतीवरचे घड्याळ दिसले, तर त्याच्याशी ताडून पाहायचे.

तिसरी पायरी फाईली एकसारख्या करण्याची. अंधारात मोबाईल सेकंदाला कमी फ्रेम घेतो, उजेडात जास्त. अशी क्लिप एडिटिंगमध्ये घेतली की आवाज आणि चित्र हळूहळू सुटे होतात. म्हणून एफएफएमपेगला सगळ्या मोबाईल फाईलींच्या स्थिर गतीच्या प्रती करायला सांगतो. मूळ फाईलींना हात लागत नाही. प्रतींची नावे तारीख, वेळ, गाव अशा क्रमाने ठेवतो, म्हणजे नावाच्या क्रमाने लावल्या की घटनाक्रमच लागतो. शेवटी केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर आज्ञेनेच उघडतो. त्यात स्वल्पविरामांनी जोडलेली फाईलींची यादी दिली की सगळ्या क्लिप एकदम आत येतात. फाईलच्या नावात स्वल्पविराम नको, तो याच कारणाने. डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांना हेच काम पायथॉनच्या छोट्या स्क्रिप्टने करता येते.

आज्ञेला मात्र विवेक नसतो. फोल्डरमध्ये जे असेल ते सगळे ती उचलते. तळियेच्या किंवा केवनाळ्याच्या काही क्लिपांत माणसांचे शेवटचे क्षण आहेत, ढिगाऱ्यातून काढलेले देह आहेत. त्या जपायच्या, पण दाखवायच्या की नाही हे घरच्यांनी ठरवायचे. म्हणून माझ्या यादीत ठसा, वेळ, गाव यांच्यापुढे परवानगीचा रकाना आहे. तिथे ‘हो’ असेल तीच फाईल आज्ञा पुढे नेते. रकाना रिकामा असेल, तर तो नकार समजायचा.

ही यादी साधी मजकुराची फाईल असते, कोणत्याही संगणकावर उघडते आणि कागदावर छापता येते. चित्रणाच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक महाडात, पण तळमजल्यावर नको. दुसरी सावित्रीच्या खोऱ्याबाहेर. यादीची छापील प्रत दोन्हीकडे ठेवावी.