तेरणेच्या काठाने एक दिवस

जुने पाहायचे म्हटले की आपण वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेला लागतो. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर किती जणांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आहे? शिक्षकांनी मुलांना घेऊन एक दिवस जरूर तिथे जावे. भाकरी फडक्यात बांधावी, ऊन चढायच्या आत निघावे आणि तेरणा नदीच्या काठाने पायी हिंडावे.

सुरुवात गोरोबाकाकांच्या समाधीपासून करा. मडके जसे थापटून पारखावे, तसे त्यांनी संतांना थापटून कच्चे-पक्के ठरवले, ही कथा मुलांना ठाऊक असतेच. आपणही आज मातीच पारखायला निघालो आहोत.

तिथून गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळाकडे चला. आत विष्णूची मूर्ती आहे. पण देवळाला मागून फेरी मारा. भिंत चौकोनी नाही, अर्धगोल आहे. छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांचा घाट असाच. फरक इतकाच, की ती डोंगरात कोरलेली आणि हे विटांनी बांधलेले. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात, की हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह. भिक्षू गेले, देव बदलला. पण पूजा चालू राहिली म्हणून वास्तू टिकली. ज्या वास्तूंत दिवा लागायचा थांबला, त्यांच्या विटा मातीखाली गेल्या. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत विटांच्या स्तूपाचे अवशेष उत्खननात सापडले, ते असेच.

इथे भिक्षू कशाला राहिले? जिथे व्यापारी तांडे, तिथे विहार. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात 'तगर' नावाचे मोठे शहर येते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ते होते आणि तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पाँपेई शहरात मिळालेली मूर्ती यांचे साम्य पाहिले, म्हणजे हा व्यापार किती दूरवर पोचला होता ते कळते. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली गेले इ. स. ७९ मध्ये!

दुपारी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय पाहा. या गृहस्थांनी गावातली खापरे, मणी, नाणी, मृण्मूर्ती जन्मभर जमवल्या. नाहीतर त्या कुठल्या कुठे गेल्या असत्या.

आता एक कळकळीची गोष्ट. माळवदावर घालायला, भिंत लिंपायला पांढरीची माती आणायची आपली जुनी रीत आहे. पण ती माती म्हणजे थरावर थर रचलेली पोथी आहे. मणी कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होता, यावरून त्याचा काळ ठरतो. टिकाव बसला, थर मोडला, की मणी हातात राहतो. त्याची हकीकत जाते. ती पुन्हा कुणाला वाचता येत नाही.

म्हणून टेकाड खणू नका. शेतात काही वर आलेच, तर जागा न हलवता तलाठ्याला किंवा संग्रहालयाला कळवा. आणि गुरुजी, संध्याकाळी परतताना मुलांचे खिसे तपासा. तेरचे खापर तेरलाच राहू द्या. मुलांनी त्याची गोष्ट तेवढी घरी न्यावी.